वाणाच्या पैशातला हेडफोन

आम्ही बोरीहून बोलतोय. परभणीहून जिंतूरला जाताना झरी मागं पडली की बोरी लागते, ती आमची बोरी. आम्ही इथल्या एका बचत गटातल्या चौदा जणी. एरवी रेडिओवर आम्ही कर्जफेडीवर बोलतो, शेळ्यांवर बोलतो, नाहीतर सोयाबीनचं बियाणं गोणपाटात गुंडाळून उगवण कशी तपासायची ते सांगतो. आज हेडफोनवर बोलणार आहोत. हसू नका. यंदा संक्रांतीला या हेडफोनवरून गटात जेवढं भांडण झालं, तेवढं थकलेल्या हप्त्यावरूनही कधी झालं नव्हतं.

त्याचं असं झालं. दरवर्षी हळदीकुंकवाच्या वाणासाठी आम्ही प्रत्येकी १५० रुपये काढतो. चौदा जणींचे २१०० होतात. आजवर त्यात प्लॅस्टिकचे डबे आले, स्टीलच्या वाट्या आल्या, चाळण्या आल्या. आता एकेकीच्या घरात पाच-पाच चाळण्या लटकल्यात. यंदा मीटिंगमध्ये आमच्यातली एक नवी सून हळूच म्हणाली, "वाण नको, त्या पैशात गाणी ऐकायला हेडफोन घेऊ. आळीपाळीनं वापरू."

एक मावशी लगेच म्हणाल्या, "अगं, गाण्यानं पोट भरतं का?"

त्यावर कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "चाळणीनं तरी कुठं भरलं?"

मग जे सुरू झालं ते तासभर चाललं. पण त्या पोरीचं म्हणणं साधं होतं. घरात टीव्ही सासऱ्यांच्या हातात. दुपारी भांडी घासून झाल्यावर मोबाइलवर एखादं गाणं लावावं तर लगेच कोणीतरी विचारतं, "कामं सरली वाटतं?" पानटपरीवर गडीमाणसं दिवसभर गाणी वाजवतात, त्यांना कोणी विचारत नाही. बाईनं गाणं लावलं की ते घरभर होतं, आणि घरभर झालं की घरभराचं त्यावर मत येतं. तिला वीस मिनिटं असं गाणं हवं होतं ज्यावर कोणाचं मत नाही.

शेवटी मावशीही गप्प झाल्या. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बचतीच्या पैशाला आम्ही हात लावला नाही, बँकेच्या कर्जाला तर नाहीच. वाणाचे पैसे वेगळे होते, त्यांची नोंदही वहीत वेगळ्या पानावर आहे.

पहिली खरेदी आमची फसली. बाजारात एकाकडून ३५० रुपयांना हेडफोन घेतला. खोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव होतं. घरी आल्यावर एका कॉलेजच्या पोरीनं दाखवलं की त्या नावात एक अक्षर जास्त आहे. गाणं लावलं तर गाणारीचा आवाज घागरीत तोंड घालून बोलावं तसा यायचा, नवव्या दिवशी उजवा कान मुका झाला. पावती नव्हती, विकणारा पुन्हा दिसला नाही. ३५० रुपये गेले आणि मावशींना वर्षभर पुरेल एवढं बोलायला मिळालं. मग आम्ही ठरवलं की आता समजून घेतल्याशिवाय घ्यायचा नाही.

हेडफोन म्हणजे कानाशी धरलेला छोटासा लाउडस्पीकर. आत एक पातळ पडदा असतो, त्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि शेजारी लोहचुंबक. फोनमधून वीज कमीजास्त होत येते, तसं वेटोळं पुढंमागं हलतं, पडदा हलतो, हवा हलते आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. पण पडदा हलला की आवाज पुढं जातो तसा मागंही जातो. त्या मागच्या आवाजाचं काय करायचं, यावरून हेडफोनच्या दोन जाती पडतात. एकात मागच्या बाजूला जाळी असते, तिथून आवाज बाहेर निघून जातो. जर्मनीतल्या सेनहायझर कंपनीनं १९६८ साली असा उघडा हेडफोन पहिल्यांदा बाजारात आणला. त्यात गाणं मोकळं, अंगणात बसून ऐकल्यासारखं वाटतं म्हणतात. पण शेजारी बसलेल्या सासूबाईंनाही ते ऐकू येतं आणि सासूबाईंचं बोलणं आपल्याला! आमच्या कामाचा तो नाही. दुसऱ्यात मागची बाजू बंद वाटीसारखी असते. आतलं गाणं बाहेर फारसं जात नाही, बाहेरचा गलका आत कमी येतो. इंग्रजीत त्याला क्लोज्ड-बॅक म्हणतात, आम्ही पाठबंद म्हणतो. रेडिओच्या रेकॉर्डिंगला कानावर असतो तोही बहुतेक पाठबंदच, कारण उघडा असला तर कानातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेत युटा म्हणून प्रांत आहे. तिथं नॅथनिएल बाल्डविन नावाच्या माणसानं १९१० साली आपल्या घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले, आणि ते तिथल्या नौदलानं विकत घेतले. त्या वेळी त्याची बायको स्वयंपाक कुठं करत होती, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.

आता पाठबंदाची खोड सांगतो. वाटी बंद असल्यामुळं मागचा आवाज आतच कोंडतो. चांगल्या हेडफोनमध्ये तो जिरवायची सोय केलेली असते. हलक्यात ती नसते, म्हणून घागरीसारखा घुमारा येतो. दुकानदार त्यालाच "बेस लई भारी आहे ताई" म्हणतो. ढोलकी धुमधुम वाजते आणि दोन मिनिटं बरं वाटतं. पण शब्द लोणच्याच्या फोडीसारखे तेलात बुडून जातात. आपण गाणं शब्दांसाठी ऐकणारी माणसं आहोत, म्हणून आम्ही ठरवलं की शब्द स्वच्छ आले पाहिजेत, घुमारा थोडा कमी पडला तरी चालेल.

दुसऱ्या वेळी आम्ही तिघी परभणीला गेलो. दुकानदारानं स्वतःचं धडधडतं गाणं लावलं. आम्ही म्हणालो, "दादा, आमच्या फोनमधलं लावा." हे आम्ही घरून ठरवून गेलो होतो, आणि तुम्हीही असंच करा. जे गाणं शंभरदा ऐकलंय, जे तोंडपाठ आहे, त्यावरच हेडफोन पारखायचा. आम्ही तीन नेली होती. एक सुलोचना चव्हाणांची लावणी, कारण त्यात ढोलकी जोरात आणि शब्दांची फेक त्याहून जोरात. ढोलकीनं शब्द खाल्ले की तो हेडफोन बाजूला. दुसरं प्रल्हाद शिंदेंचं भक्तिगीत, एकट्या खड्या आवाजासाठी. त्यात आवाज चिरका लागला किंवा 'स' आणि 'श' कानाला टोचले तर तोही नको. तिसरं सैराटचं, पोरींच्या आग्रहाखातर. २०१६ च्या त्या सिनेमाची गाणी करताना अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद बसवून वाजवून घेतला होता. फोनच्या स्पीकरवर ती सगळी वाद्यं एकमेकांत कालवल्यासारखी येतात. चांगला हेडफोन लावला तर व्हायोलिनं एकीकडं आणि बासरी दुसरीकडं अशी वेगळी होतात. आमच्यातली जी मावशी पोटापाण्याचं विचारत होती, तिनं नंतर हेच गाणं चारदा ऐकलं. तिचं नाव सांगणार नाही, आम्ही शब्द दिलाय.

गाणं पण नीट साठवलेलं हवं बरं का. दहा जणांनी पुढं पाठवून पाठवून पिचलेलं गाणं असेल तर पाच हजारांचा हेडफोनही त्याला जीव आणू शकत नाही.

पारखायची दुसरी गोष्ट बसणीची, आणि ती बायकांना कोणी सांगत नाही. पाठबंद हेडफोनची गादी कानाभोवती नीट टेकली तरच तो पाठबंद. फट राहिली की खालचा भारदस्त आवाज निघून जातो आणि बाहेरचा गलका आत येतो. आता आपल्या कानात कुड्या, झुबे, वेल. त्यावर गादी टेकत नाही, शिवाय कान दुखतो. अंबाडा उंच बांधला असेल तर वरची पट्टी मागं सरकते. चष्म्याच्या काडीनंही फट पडते. तेव्हा दुकानात जाताना रोजचं कानातलं घालूनच जा आणि ते काढूनही लावून बघा. पदर पट्टीच्या वरून घ्या, गादीखाली येऊ देऊ नका. मग दोन्ही वाट्या हातानं हलक्या दाबून बघा. दाबल्यावर आवाज एकदम भरला तर समजा की बसणी ढिली आहे. कानावर टेकणारा छोटा आणि कान पूर्ण आत घेणारा मोठा, असे दोन प्रकार मिळतात. छोटा स्वस्त असतो, पण अर्ध्या तासात कानाची पाळी दुखते. झेपत असेल तर मोठा घ्यावा.

खोक्यावरच्या आकड्यांनी आम्हीही आधी गांगरलो. २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ असं जवळजवळ सगळ्यांवरच छापलेलं असतं, त्यावरून काही ठरत नाही. ४० मिलिमीटर, ५० मिलिमीटर हे आतल्या पडद्याचं माप. मोठं म्हणजे चांगलं असं नाही. एक आकडा मात्र बघायचा, तो ओहमचा. आपल्याला फोनवर ऐकायचंय, तर १६ ते ३२ च्या आसपास बरा. २५० ओहमचे हेडफोनही असतात, ते स्टुडिओतल्या यंत्रांसाठी. आपल्या फोनवर त्यांचा आवाज बारीक येईल. जाहिरात म्हणून नाही, नमुना कळावा म्हणून दोन नावं घेतो. सोनीचा एमडीआर-झेडएक्स ११० हा कानावर टेकणारा पाठबंद आहे, २४ ओहमचा, आणि तो बऱ्याचदा हजाराच्या आत मिळतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम २० एक्स कान आत घेणारा, ४७ ओहमचा, पण त्याला काही हजार मोजावे लागतात. गावात रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या गटांनी त्याचा विचार करावा. किमती सणासुदीला खालीवर होतात, तेव्हा दोन ठिकाणी विचारा आणि पावती घ्याच.

वायरचा की ब्लूटूथचा? आम्ही वायरचा घेतला. लाइट गेली तरी तो चालतो, चार्जिंगला अजून एक पिन अडत नाही, आणि त्याच पैशात आवाज बहुतेक वेळा सरस मिळतो. ब्लूटूथमधली बॅटरी दोन-चार वर्षांत थकते आणि स्वस्तातल्या हेडफोनमध्ये ती बदलूनही मिळत नाही. वायरचं दुखणं वेगळं. ती पिनेपाशी तुटते. आमच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी तिथं दोरा घट्ट गुंडाळून दिला, अजून तरी टिकलाय. नव्या फोनना हेडफोनचं गोल भोकच नसतं, त्यासाठी टाइप-सीचा कनेक्टर लागतो. तो प्रत्येक फोनला चालतोच असं नाही. दुकानात आपल्याच फोनला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

हिशेब असा झाला. ३५० बुडाले. उरलेल्या १७५० मधून ७५० रुपयांचे दोन हेडफोन घेतले. कनेक्टर १५० ला पडला. एका फोनला दोन हेडफोन जोडायचा स्प्लिटर ८० ला. राहिले २० रुपये, त्यांच्या चिंचेच्या गोळ्या आणल्या. स्प्लिटर आम्हाला फालतू खर्च वाटला होता, पण दोन जावा एकाच फोनवर एकच गाणं ऐकत भिंतीला टेकून बसलेल्या आम्ही बघितल्यात, आणि त्या दोघी दिवाळीपासून बोलत नव्हत्या.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, आणि पाठबंद हेडफोनमध्ये कानाला घाम फुटतो. गादीवरचं रेक्झिन घामानं सोलून निघतं. वहिनींनी जुन्या मऊ लुगड्याच्या पातळ खोळी शिवल्या, प्रत्येकीची वेगळी. जाड कापड घालू नका, आवाज दबतो. खोळीचा दुसराही फायदा आहे. चौदा डोकी एक हेडफोन वापरणार म्हटल्यावर उवांचा विषय निघणारच, तो निघाला आणि खोळीनं मिटला. ज्या बाईचा कान फुटलाय, पू येतोय, तिनं मात्र बरं होईपर्यंत लावू नये, आणि कानाच्या डॉक्टरला दाखवावं.

आता जरा काळजीचं. आमच्यातली एक पिठाची गिरणी चालवते. तिला वाटलं, पाठबंद हेडफोन लावला की गिरणीचा आवाज जाईल. तसं होत नाही. वाटीमुळं माणसांचं बोलणं, भांड्यांचा खणखणाट कमी होतो, पण गिरणीची खालची घरघर आत येतेच. मग ती गाणं मोठं करी, घरघर वाटे, आणखी मोठं करी. संध्याकाळी हेडफोन काढला तरी कानात कुईं वाजायचं. कान वाजणं ही धोक्याची खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी सांगितलंय की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण तोच ९० झाला तर आठवड्याला फक्त ४ तास. दहाच आकड्यांचा फरक, पण वेळ दहापटीनं घटते. आणि कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. डेसिबल मोजायला आपल्याकडं काही नसतं. म्हणून फोनचा आवाज अर्ध्याच्या थोडा वर, ६० टक्क्यांच्या आत ठेवायचा. शेजारणीनं जरा जोरात हाक मारली तर ती कळली पाहिजे. गिरणीवर तर हेडफोन लावूच नये, ते आता तिला पटलंय. लेकरांना मोठ्यांपेक्षा कमी आवाज आणि कमी वेळ.

रस्त्यावर नको. जिंतूर रोडवर एसटी मागून आलेली कळत नाही. शेतात नको, सापाची सळसळ ऐकू यायला कान मोकळा हवा. तान्हं पाळण्यात असेल तर एक कान उघडा ठेवा. चुलीवर काही असेल तर काय होतं ते आम्ही सांगायची गरज नाही. आमच्या गटात आतापर्यंत तीनदा दूध उतू गेलंय आणि तिन्ही वेळा सैराटच होतं.

हे सगळं नव्या सुनेच्या वीस मिनिटांसाठी सुरू झालं होतं. पण वहीत सगळ्यात जास्त नोंदी आहेत त्या आमच्या एका काकूंच्या. त्यांना सिनेमाची गाणी नकोत. कॉलेजच्या पोरीनं त्यांना पारीच्या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्या लावून दिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या तिथं ऐकायला मिळतात. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही त्यात आहेत. ताडकळस म्हटल्यावर काकू सरसावून बसल्या, त्यांचं माहेर त्याच अंगाला.

दोन ओव्या ऐकल्या आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवला. आम्हाला वाटलं, आवडलं नसेल. त्या उठून घरी गेल्या आणि आपला जुना फोन घेऊन आल्या. त्यात त्यांच्या आईचं दळण होतं. भाच्यानं कधीतरी सहज भरून ठेवलेलं, आई वारायच्या आधीच्या वर्षीचं. काकूंनी ते फोनच्या स्पीकरवर पुष्कळदा लावलेलं होतं. त्यात खरखर यायची, मध्ये मध्ये आईचा सूर यायचा, शब्द लागत नव्हते. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला जात्याची खालची घरघर पेलतच नाही, ती नुसती खरखर होऊन शब्दांवर बसते.

आम्ही त्यांचे झुबे काढले, गादी नीट टेकवली, आवाज निम्म्यावर ठेवला आणि लावलं. काकू डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "जातं फिरायलंय गं." मग म्हणाल्या, "बांगड्या वाजायल्यात." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दोन ओव्यांच्या मध्ये आई थांबते आणि कोणाला तरी काही सांगते, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. त्यांनी तेवढाच तुकडा सहा-सात वेळा मागं घेऊन ऐकला.

आम्ही विचारलं, "काय म्हणतात आई?"

काकू म्हणाल्या, "मूठभर जवारी अजून टाक म्हणती. मलाच म्हणती. मी तिथंच बसलेली व्हते."

एक हेडफोन एकीकडं एक आठवडा, असा नियम आम्ही वहीत लिहिलाय, सह्या पण घेतल्यात. काकूंकडं गेलेला अजून परत आलेला नाही. पाच आठवडे झाले. परवाच्या मीटिंगला त्यांचं नाव वाचलं तेव्हा त्या मावशीच पहिल्यांदा बोलल्या, "पुढचं नाव वाचा."